ध्वनिवर्धकातील कंडेन्सर

घरी व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक बांधणारे हौशी गृहस्थ कंडेन्सरची धारकता काटेकोर पाहतात. गळतीचा विचार मात्र क्वचितच करतात. वास्तविक दोन टप्पे जोडणाऱ्या कंडेन्सरने ध्वनीची लहर पुढे धाडावयाची आणि मागचा उच्च दाब अडवावयाचा असतो. जुना कागदी कंडेन्सर दमट हवेने गळू लागतो. अवघा ५ मायक्रोॲम्पियर प्रवाह ४७० किलोओहमच्या ग्रिडरोधातून गेला, की ग्रिडवर २.३५ व्होल्ट धनदाब चढतो. ईएल ८४ व्हॉल्व्हचा ऋणदाब मुळात सातच्या आसपास! मग आवाज फाटतो, व्हॉल्व्ह अतिशय तापतो. जुन्या कंडेन्सरचा ‘गोडवा’ वाखाणणारे भेटतील. त्यांचे खुशाल ऐकावे, पण ०.१ मायक्रोफॅरडचा नवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घ्यावा. तो ६३० व्होल्टचा असावा. कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत पुरवठ्याचा सगळा दाब त्याच्यावरच येतो.