डब्याचें झांकण
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



आमच्या शेजारीं एक कुटुंब राहतें. नवराबायको दोघेंही नोकरी करतात. बाईंना सकाळीं सातच्या लोकलनें निघावें लागतें. त्यांचा मुलगा दुसरींत आहे. एके दिवशीं आईनें त्याच्या डब्यांत फोडणीची पोळी दिली होती. रात्रीं उरलेल्या पोळ्या कुसकरून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून, वर लिंबू पिळलेला हा पदार्थ आपणांपैकीं कोणीं खाल्ला नाहीं? मधल्या सुट्टींत वर्गांतून फिरतां फिरतां शिक्षिकाबाईंनीं तो डबा उचलला, सगळ्या वर्गाला दाखविला आणि म्हणाल्या, "शिळें अन्न आणायचें नाहीं, हें मीं सांगितलें होतें ना?" संध्याकाळीं वहींत तांबड्या शाईनें सूचना आली : 'डब्यांत ताजें व पौष्टिक अन्न द्यावें.' सूचना अवघ्या सहा शब्दांची. पण पुढचे चार दिवस डबा जसा गेला तसा परत आला. पांचव्या दिवशीं मुलानें विचारलें, "आई, डब्याचें झांकण उभें धरून त्याच्या आड खाल्लें तर चालेल का?"

बाई मला हें सांगत होत्या तेव्हां मी मान खालीं घालून ऐकत होतें. त्यांना वाटलें, मला मुलाची दया आली. दया आलीच, पण मान खालीं जाण्याचें कारण निराळें होतें. मीं स्वतः तीस वर्षें शाळेंत शिकविलें आहे, आणि असा एक डबा माझ्याही माथीं आहे.

माझ्या वर्गांत एक मुलगी होती. ती नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणी. डबा उघडला कीं शेजारच्या मुली नाकाला रुमाल लावीत. रोजची कुरबूर नको म्हणून मीं तिला एकदां सांगितलें, "तूं व्हरांड्यांत बसून खात जा." रागावून नव्हे, अगदीं सौम्यपणें सांगितलें. दुसऱ्यांदा सांगावें लागलें नाहीं. ती वर्षभर व्हरांड्यांतच जेवली. पुढें २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, आणि नाचणीच्या गौरवाचीं भाषणें आपण सर्वांनीं ऐकलीं. नाचणींत दर शंभर ग्रॅमांमागें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. गव्हाच्या तें कित्येक पट आहे. म्हणजे वर्गांतील सर्वांत चांगला डबा मीं व्हरांड्यांत पाठविला होता!

तरीही शाळेची बाजू मी सोडणार नाहीं. डब्याकडे शाळेनें मुळींच पाहूं नये, असें म्हणणाऱ्यांनीं एकदां मधल्या सुट्टींत वर्गांत उभें राहून पाहावें. कोणाच्या डब्यांत बटाट्याच्या कापांची पुडी, कोणाच्या डब्यांत गार झालेल्या नूडल्स, कोणाच्या डब्यांत नुसतीं क्रीमचीं बिस्किटें. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. ब्रिटनमध्यें लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्राथमिक शाळांतील मुलांच्या घरून येणाऱ्या डब्यांची दोन वेळां पाहणी केली. शाळेंत शिजणाऱ्या जेवणाला जे निकष लावले जातात ते सर्व पुरे करणारे डबे २००६ सालीं शेंकडा १.१ निघाले आणि दहा वर्षांनंतर, २०१६ सालीं, शेंकडा १.६. हे आंकडे पाहून कोणत्या शिक्षकाला स्वस्थ बसवेल?

पण ह्याच आंकड्यांचा दुसरा अर्थही ध्यानांत घ्यावा. शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलें एकाच प्रश्नांत नापास होऊं लागलीं तर शहाणा परीक्षक मुलांना बोल लावीत नाहीं. तो प्रश्नपत्रिका तपासतो. पहांटेची धांवपळ, बाजारांत हाताशीं मिळणाऱ्या रंगीत पुड्या, त्यांच्या जाहिराती, आणि वीस मिनिटांची सुट्टी, ज्यांत हात धुण्यासच पांच मिनिटें जातात, हीं सगळीं मिळून तो डबा भरतात. आई केवळ झांकण लावते. दोष मात्र तिच्या एकटीच्या नांवावर जमा होतो.

शिवाय नियमाचा डोळा नेहमीं उणिवेवर असतो. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतांतील एक हकीकत २०१३ सालीं वृत्तपत्रांत गाजली. तेथें एका बालसंगोपनगृहांत जाणाऱ्या आपल्या दोन मुलांना आईनें घरीं भाजलेलें मांस, बटाटे, गाजरें, संत्रें आणि दूध असा डबा दिला होता. नियमाप्रमाणें डब्यांत धान्याचा एक पदार्थ हवा, तो नव्हता. तेव्हां संगोपनगृहानें मुलांना खारीं बिस्किटें देऊन ती उणीव भरून काढली, आणि मुलामागें पांच याप्रमाणें आईकडे दहा डॉलर मागितले. नियम अक्षरशः पाळला गेला. पण घरच्या सकस जेवणावर दंड बसला आणि पुडींतल्या बिस्किटांना पौष्टिकतेचा मान मिळाला, हें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

डबा म्हणजे केवळ अन्न असतें तर हा विषय आहारतज्ज्ञांवर सोडून देतां आला असता. पण डबा उघडला कीं घर उघडतें. आईला वेळ किती, घरीं महिनाअखेर आहे कीं पगाराचा आठवडा, स्वयंपाक आजी करते कीं बाप, घराची जात कोणती, धर्म कोणता, गांव कोणतें, हें सारें त्या चार इंचांच्या भांड्यांत मांडलेलें असतें. अॅन अॅलिसन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत जपानांतील बालशाळांच्या डब्यांचें वर्णन आहे. तिकडे डब्याला ओबेंतो म्हणतात. आईनें भाताला व भाज्यांना सुंदर आकार देऊन तो सजवावा आणि मुलानें शेवटच्या शितापर्यंत संपवावा, अशी शाळेची अपेक्षा असे. त्यांचा स्वतःचा मुलगा अशाच शाळेंत जात होता. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, त्या डब्यावरून मुलाची परीक्षा होते तशीच आईचीही होते. आपल्या शाळांत सजावटीची सक्ति नाहीं. परंतु परीक्षा तीच आहे.

मग शाळेनें कोठवर पाहावें? मला एक सोपी कसोटी सुचते. जें अन्न दुसऱ्याला अपाय करील, किंवा खाणाऱ्याच्याच प्रकृतीस बाधेल, त्याबद्दल शाळेनें अवश्य नियम करावा. एखाद्या मुलाला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असेल तर वर्गांत दाणे आणूं नयेत, हें कोणीही मान्य करील. उन्हाळ्यांत तासन्‌तास उबदार राहिलेला भात बिघडतो, हेंही पालकांना सांगावें. पण जें अन्न दुसऱ्याला केवळ आवडत नाहीं, त्याला अपायकारक म्हणूं नये. २०२४ च्या ऑगस्टांत दिल्लीजवळील नोएडा येथील एका शाळेनें पालकांना मांसाहारी पदार्थ डब्यांत न देण्याची विनंती केली. सकाळीं शिजविलेलें मांस दुपारपर्यंत बिघडूं शकतें, आणि सर्व मुलांना निःसंकोच एकत्र जेवतां यावें, अशीं दोन कारणें त्यांत होतीं. पहिलें कारण आरोग्याचें आहे. त्याचा विचार व्हावा, आणि तो सर्वच नासणाऱ्या पदार्थांचा व्हावा. दुसऱ्या कारणाबद्दल मात्र विचारावेसें वाटतें कीं, संकोच दूर करावयाचा तो कोणाचा? माझ्या त्या व्हरांड्यांतील मुलीला कोणाच्याच डब्याचा संकोच वाटत नव्हता. संकोच वाटण्यास तिला मीं शिकविलें.

आपण महाराष्ट्रीयांना तर हें निराळें सांगावयास नको. पंक्तिभेद हा शब्द आपलाच, आणि तो मोडणारीं माणसेंही आपलींच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्या वसतिगृहाला छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस हें नांव मिळालें. मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रही मोडलें. पानें एका ओळींत मांडण्यासाठीं ज्या प्रांतांत एवढी किंमत दिली गेली, त्या प्रांतांत डब्याच्या वाटेनें पंक्तिभेद परत येऊं नये.

खरा उपाय एका पंक्तीचा आहे. जपानांत मूल प्राथमिक शाळेंत गेलें कीं बहुतेक ठिकाणीं रोजचा डबा संपतो. १९५४ च्या शालेय भोजन कायद्यानें तेथें शाळेंतील जेवणाला पाया मिळाला. मुलेंच पांढरे अंगरखे व टोप्या घालून सर्वांना वाढतात, आणि शिक्षकही वर्गांत बसून तेंच जेवण जेवतात. आपल्याकडे २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश राज्यांना दिला, आणि असंख्य मुलांच्या पानांत दुपारचा घांस पडूं लागला. पण आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें ज्या खासगी शाळांत जातात, तेथें डबाच चालूं राहणार. तेथें निदान चार गोष्टी पाळाव्या. नियम वर्षारंभीं पालकांना सांगावा, मधल्या सुट्टींत मुलाला नव्हे. कांहीं बोलावयाचें असेल तर तें मोठ्यांनीं मोठ्यांशीं बोलावें; सात वर्षांच्या मुलाच्या हातीं आईविरुद्धचा निकाल देऊन पाठवूं नये. सुट्टी निदान अर्ध्या तासाची करावी. आणि शक्य असेल तेथें शिक्षकांनीं आपला डबा घेऊन मुलांत बसावें. पाहणी करणाऱ्या उभ्या माणसाला जें दिसत नाहीं, तें शेजारीं बसून जेवणाऱ्याला दिसतें.

आमच्या शेजारच्या बाईंनीं वहींतल्या तांबड्या अक्षरांखालीं उत्तर लिहिलें नाहीं. अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या शिक्षिकाबाईंना भेटल्या. त्या बाईंनाही घरीं लहान मूल आहे, त्याही पहांटे उठून डबे भरतात, आणि उरलेल्या पोळीचें काय करावें हा प्रश्न त्यांनाही पडतो, असें बोलतां बोलतां निघालें. दुसऱ्या आठवड्यापासून त्या कधीं कधीं आपला डबा घेऊन मुलांत बसूं लागल्या. मुलगा कांहीं दिवस झांकण उभें धरूनच जेवत होता. मग तें हळूहळू खालीं आलें.

त्याचें झांकण वेळेवर खालीं आलें, ह्याचा मला आनंद आहे. माझी ती विद्यार्थिनी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तिलाही मुलें असतील, तीही त्यांचे डबे भरीत असेल. ती हें ऐकत असेल तर तिला एवढेंच सांगतें : बाळ, चूक तुझ्या डब्याची नव्हती; ती माझी होती.