परतीची अट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस वंदन करून बोलण्यास आरंभ करतो. संयोजकांनी मला विषय दिला तो 'परदेशातील व्यावसायिक प्रशिक्षण' हा. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु या विषयाच्या मुळाशी एक शब्द आहे आणि शब्दांची चौकशी करणे हाच माझा व्यवसाय होता. तो शब्द म्हणजे 'परत'.

सीमा ओलांडण्याच्या परवान्यामागे काय काय दडलेले असते, हे सिल्वासाकरांना निराळे सांगायला नको. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव मुक्त झाले. पुढच्याच वर्षी, दमणहून येथवर येण्याचा हक्क मागत पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मानला. सैन्याचा मानला नाही आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरवले. कोण जातो, कशासाठी जातो आणि त्याचे मूळ ठिकाण कोणते, हे तीन प्रश्न त्या खटल्यात होते. आजच्या व्हिसाच्या अर्जातही तेच असतात.

अमेरिकेने १९६१ साली परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कायदा केला. आज 'जे-१' या नावाने ओळखला जाणारा व्हिसा त्या कायद्यातला. संशोधक, प्राध्यापक, हॉटेल व्यवसायातले तरुण, वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, असे नाना प्रकारचे लोक त्यावर जातात. प्रशिक्षणार्थी म्हणून जाणाऱ्याजवळ पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, अथवा पाच वर्षांचा अनुभव लागतो. मुदत जास्तीत जास्त अठरा महिने, हॉटेल व्यवसायात बारा. काय शिकवणार, कोण शिकवणार, याची लेखी योजना आधी तयार व्हावी लागते. नेहमीच्या नोकराच्या जागी प्रशिक्षणार्थी राबवू नये, असे नियमच सांगतो. इथल्या मुलांनी ही योजना सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचावी. शिकवण्याच्या नावाखाली वर्षभर खोल्या आवरून घेणारे यजमान जगात सर्वत्र असतात.

पण मला बोलायचे आहे ते त्या कायद्यातील परतीच्या अटीविषयी. काही प्रकारच्या 'जे-१'धारकांना प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. त्याखेरीज तेथे नोकरीचा व्हिसा वा कायमचे वास्तव्य मिळत नाही. सरकारी पैशाने गेलेल्यांना ही अट आहे. ज्या कौशल्यांची मायदेशी वाण आहे, त्यांच्या यादीमुळेही ती लागू होत असे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला. डॉक्टरांची अट मात्र कायम आहे. त्यांच्या बाबतीत मायदेशाच्या सरकारने लिहून द्यावे लागते, की या विद्येच्या माणसांची आमच्याकडे गरज आहे. आणि डॉक्टरनेही परतण्याची लेखी हमी द्यावी लागते.

ही अट कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी एका मराठी मुलीने ती स्वतःवर घालून घेतली होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा अमेरिकेत जाण्यास व्हिसा लागत नसे. लागत होती ती समाजाची अनुमती. ती मागण्यासाठी अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या या मुलीने श्रीरामपूरच्या सभेत इंग्रजीतून भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे तिने जाहीरपणे सांगितले. न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तिला घरच्या लेकीसारखे ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना तिथल्या थंडीत नऊवारी पुरेना, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. गुजरातच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तपशील गोड वाटेल. बदल केला, पण साडी सोडली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. माझ्या मते सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात ती हीच: तिकडचे शास्त्र शिकायचे आणि त्याच परीक्षेत आपल्याकडची गोष्ट त्यांच्यापुढे मांडायची. आज या नावाखाली वर्षातून एकदा दिवाळीचा कार्यक्रम होतो आणि सगळे समाधानी होतात!

आनंदीबाई मायदेशी पोचण्यापूर्वीच कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली होती. खुर्ची तयार होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वर्षाच्या आत, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला आणि ती खुर्ची रिकामीच राहिली. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे.

आता उलट उदाहरण घ्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ च्या करारान्वये परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची होती. अट अमेरिकेच्या दोन वर्षांहून कितीतरी कडक. पण तरुणाने ती पाळली. मुदत संपताच, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून, तो १९१७ मध्ये परतला आणि बडोद्याला रुजू झाला. राहायला जागा कोणी देईना. पारशांच्या एका धर्मशाळेत पारशी नाव लावून तो राहिला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. ओळखीच्या हिंदूने नाही म्हटले, ख्रिस्ती मित्रानेही नाही म्हटले. उरलेला दिवस एका सार्वजनिक बागेत काढून तो रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. ती गाडी आपल्या वापीवरूनच गेली असणार. पुढे बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला त्या आत्मकथनाचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. अमेरिकेचा नव्हे, स्वदेशात राहण्याचा व्हिसा!

महाराजांचा हेतू शुद्ध होता, तिजोरी उघडी होती, करार पक्का होता. फक्त परतणाऱ्याला एक खोली मिळाली नाही. परतीच्या अटीला दोन बाजू असतात, हे आपण विसरतो. जाणारा सही करतो. बोलावणाऱ्याने काय करायचे, हे कोणत्याच करारात नसते. मुले परदेशी जातात आणि तिकडचीच होतात, असा शोक करणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांनी एकदा बडोद्याची गोष्ट वाचावी.

अमेरिकेची हुशारी पाहा. १९९४ च्या एका कायद्याने तिथल्या प्रत्येक राज्याला, जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात तीन वर्षे काम करणाऱ्या परदेशी डॉक्टरांची परतीची अट माफ करविण्याचा मार्ग दिला. आता दर राज्याला वर्षाला तीस जागा आहेत. म्हणजे आमच्या मुलाला परत यायचे नसेल, तर त्याला डॉक्टर कमी असलेल्या भागातच जावे लागते, पण त्यांच्या! त्या भागात त्याच्यासाठी दवाखाना आणि पगार ठरलेला असतो. आमच्या सरकारने मात्र 'गरज आहे' एवढे पत्र दिलेले असते.

सिल्वासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ७ मार्च २०२५ रोजी त्याच्या साडेचारशे खाटांच्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. माझ्या तरुणपणी ही कल्पनाही कोणी केली नसती. इथून बाहेर पडणारी काही मुले उद्या तिकडे पदव्युत्तर प्रशिक्षणाला जातील, जावीतही. खानवेलपलीकडच्या मांदोनी, सिंदोनी, दुधनीकडच्या पाड्यांतली वारली किंवा कोकणा बाई आपले दुखणे ज्या बोलीत सांगते, ती बोली समजणारा तज्ज्ञ फिलाडेल्फियात तयार होत नाही. तो इथूनच जावा लागतो. मग तो परतला तर त्याच्या विद्येचे यंत्र येथे असेल का, त्याच्या हाताखाली शिकलेली परिचारिका असेल का, त्याची मुले कोणत्या शाळेत जातील, हे प्रश्न त्याने विमानतळावर उतरल्यावर विचारायचे नसतात.

म्हणून माजी विद्यार्थी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. शाळेत एक वही ठेवा. आपले कोण कोठे, कोणत्या विद्येसाठी गेले, मुदत केव्हा संपते, हे तीत लिहा. मुदतीच्या एक वर्ष आधी त्या विद्यार्थ्याला पत्र टाका आणि त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या, प्रशासनाच्या, उद्योगांच्या संबंधितांकडे जाऊन विचारा: हा माणूस येणार आहे, त्याच्यासाठी जागा आहे काय? उत्तर 'नाही' आले, तर तेही वहीत तारखेसह लिहा. पहिली वही मी आज सोबत आणली आहे. ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.