पोटाची तक्रार आणि मनाची काळजी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून पोटाविषयी बोलायचे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘पोट दुखते’ ही तक्रार प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे आणि शालान्त परीक्षा जवळ आली की ती अधिक ऐकू येते. घरात तिच्यावर बहुधा दोन उपाय होतात. एक तर ‘नाटक करतोस’ म्हणून दटावणे, नाहीतर ओवा चारून किंवा गोळी देऊन शाळेत पाठवणे. या दोन्हींत मुलाला विचारायचे मात्र राहून जाते. आज मला त्याविषयीच सांगायचे आहे.

पोट आणि मन यांचा संबंध आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने पोटात कालवते आणि दुःख आपण पोटात ठेवतो. वैद्यकशास्त्राने त्याची कारणे शोधली. आतड्यांच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाचा एक मोठा मज्जातंतू जातो. त्यातील बहुतेक धागे पोटाकडची खबर मेंदूकडे नेतात, थोडे मेंदूचा हुकूम पोटाकडे आणतात. सेरोटोनिन या द्रव्याचे नाव मनाच्या प्रसन्नतेशी जोडले जाते. शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते. ते थेट मेंदूत जात नाही, पण आतड्यांची हालचाल आणि तेथील मज्जातंतू यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून मनावर ताण आला की कुणाला जुलाब होतात, कुणाची भूक मरते, तर कुणाच्या छातीत जळजळते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डॉ. जॉन अ‍ॅपली आणि डॉ. नोरा नेश यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. दर दहा मुलांत सुमारे एकाला वारंवार पोटदुखी होती. अशा मुलांची कसून तपासणी केली तेव्हा फारच थोड्यांच्या पोटात प्रत्यक्ष रोग सापडला. मात्र याचा अर्थ बाकीची मुले खोटे बोलत होती असा नव्हे. त्यांचे दुखणे खरेच होते. मनावरचा भार पोटातून बोलत होता.

तरीही प्रत्येक पोटदुखी काळजीचीच, असे कुणी समजू नये. वजन घटणे, शौचातून रक्त पडणे, ताप येणे, वारंवार उलट्या होणे, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे, यांपैकी काहीही दिसले तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात अनेक घरांतील वडील आखाती देशांत किंवा जहाजावर नोकरीला असतात. फोनवर बोलणे होते, पण मुलगा फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्या नुकसानीची चर्चा मोठ्यांनी केली, मुलांनी ती गुपचूप ऐकली. कर्ज, बहिणीचे लग्न, वडिलांच्या नोकरीची मुदत, हे सारे मुलांच्या कानावर पडते आणि मुले ते पोटात ठेवतात. आईचेही तेच. तिची रोजची ‘अ‍ॅसिडिटी’ केवळ तिखटाची असेलच असे नाही.

पोटाची निगा राखल्याने मनालाही आधार मिळतो. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा आहार सुधारला त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांचे नैराश्य ओसरले. ज्यांना फक्त सोबत व गप्पांचा आधार दिला, त्यांच्यात हे प्रमाण आठ टक्के होते. प्रयोग लहान होता आणि आहार हा औषधोपचाराला पर्याय नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. ती आपल्याला परकीही नाही. आजारी आणि शोकाकुल माणसाला सातूच्या पिठाची तलबीना द्यावी, त्याने त्याच्या मनाला आराम पडतो, अशी शिकवण हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत आली आहे.

चांगल्या आहारासाठी महाग वस्तू लागत नाहीत. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाची उसळ, ताक, ताजी मासळी, अलिबागचा पांढरा कांदा, केळी, हे सर्व आपल्या दारी आहे. डाळी, भाज्या आणि कांदा यांतील चोथ्यावर आतड्यांतील उपयुक्त जंतू पोसतात. चहा-खारीवर मुलाला शाळेत धाडणे आणि मधल्या सुट्टीत वेफर्सच्या पाकिटासाठी पैसे देणे थांबवा. रमजानमध्ये दिवसभराचा संयम इफ्तारच्या तळलेल्या पदार्थांत घालवू नका. पोटाचा एक हिस्सा रिकामा ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच.

आणखी एक विनंती. दस्तरखानावर गुणपत्रिका काढू नका. जेवताना मुलाला रागावले तर घास उतरत नाही. अभ्यासाचे बोलणे नंतर करा. मुलाने पोट दुखते म्हटले तर जवळ बसवून विचारा, ‘बाळा, शाळेत काही झाले का? कसली भीती वाटते?’ उत्तर लगेच येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, अम्मीला, अब्बांना किंवा ज्या सरांवर विश्वास आहे त्यांना मनातले सांगा. त्यात कमीपणा नाही. घरात बोलणे अगदीच अशक्य वाटले तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे मोफत सल्ला मिळतो.

आपल्या संस्थेने मुलांना शाळेपर्यंत आणले. ती निर्धास्त मनाने वर्गात बसतील, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे. अल्लाह आपल्या मुलांना तंदुरुस्ती आणि समाधान देवो, आमीन.