दोघांची मुंबई, बेताच्या पैशांत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



"या वर्षी तुम्ही बोला" म्हणून चिटणीसबाईंनी गळ घातली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही व्याख्याती नव्हे. १९६२ साली लग्न होऊन बुधवार पेठेत आले, आणि तुळशीबाग, मंडई नि जोगेश्वरी एवढ्यातच माझे सारे आयुष्य गेले. मोठे विषय मला पेलायचे नाहीत. म्हणून घरगुतीच विषय घेतला आहे. दोघा नवराबायकोंनी पहिल्यांदा मुंबई पाहायची आहे, पैसे बेताचे आहेत, तर तो बेत कसा करावा ?

विषय सुचला तो असा. आमच्या वाड्यात मराठवाड्यातून आलेले एक नवे जोडपे राहते. तो अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात कामाला आहे, ती तुळशीबागेत एका दुकानात उभी असते. पुण्यात येऊन दोन वर्षे झाली, पण मुंबई दोघांनीही पाहिलेली नाही. एके दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, पाच हजारांत दोघांची दोन दिवसांची मुंबई होईल का हो ?"

मी म्हटले, "होईल. पण आधी माझ्या साठ रुपयांच्या मुंबईची गोष्ट ऐक." तीच गोष्ट आज तुम्हांलाही सांगते.

ही गोष्ट १९६४ सालच्या जानेवारीतली, संक्रांत नुकतीच झाली होती. साठांपैकी चौतीस रुपये ह्यांच्या पगारातून उरवलेले आणि सव्वीस माझे. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात मी शिकले होते. वर्षभर शेजाऱ्यांची झबली आणि परकर-पोलकी शिवून ते सव्वीस रुपये साठवले होते. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "दोघांनीच जायचे ? काय तीर्थयात्रा आहे का ही ?" पण मामंजी म्हणाले, "जाऊ दे, पोरे आहेत." झाले, परवानगी मिळाली.

मग यादी सुरू झाली. मामंजींनी सांगितले, महालक्ष्मीचे दर्शन चुकवू नका. धाकट्या भावजींनी राणीचा बाग सांगितला. शेजारच्या काकूंनी म्हातारीचा बूट सांगितला. कोणी १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय सांगितले. ह्यांनी सगळे नीट वहीत लिहून घेतले. भगिनींनो, त्या यादीत घरादाराची हौस होती, पण आम्हां दोघांची नव्हती. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाण्यात पाय बुडवून उभे राहावे एवढेच माझ्या मनात होते. पण ते बोलायचे कसे? आणि ह्यांच्या मनात काय आहे, हे विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही.

टांग्याने स्टेशनवर गेलो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकी मिळाली. खंडाळ्याच्या बोगद्यांतून गाडी जाऊ लागली तेव्हा मी ह्यांच्या बाहीला घट्ट धरून बसले होते. ह्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. बोरीबंदरला उतरल्या उतरल्या म्हणाले, "चुकामूक झाली तर इथेच, या घड्याळाखाली येऊन थांबायचे." त्या एका वाक्याने माझी निम्मी भीती गेली. पुढे ट्राममध्ये बसलो. बोरीबंदर ते दादर हा ट्रामचा शेवटचा मार्ग उरला होता, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री तोही कायमचा बंद झाला. आम्ही अगदी वेळेवर गेलो म्हणायचे.

उतरलो होतो गिरगावात, ह्यांच्या आतेबहिणीकडे. खर्चाच्या वहीत "मुक्काम" या शब्दापुढे ह्यांनी शून्य मांडले होते. चाळीतली दीड खोली, घरची माणसे सहा, त्यांत आम्ही दोघे. वन्संनी किती प्रेमाने केले म्हणून सांगू ! आम्हांला आत झोपवले आणि भावोजी गॅलरीत जाऊन झोपले. तीन दिवस राहायचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाच्या आवाजाने मला जाग आली, तो बाहेर वन्सं शेजारणीला हळूच म्हणत होत्या, "वाटीभर साखर द्या, पाहुणे गेले की परत करते."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आम्ही येताना पावशेर पेढे तेवढे आणले होते, आणि वाटत होते की आपण रीत पाळली. आमच्या वहीतले ते शून्य वन्संच्या डब्यातून भरले जात होते.

मी ह्यांना सांगितले. हे काही वेळ गप्प बसले. मग वही काढली, शिल्लक मोजली, आणि एका ओळीवर काट मारली. संध्याकाळी ते पैसे "खाऊला" म्हणून मुलांच्या हातांत ठेवले. वन्संच्या हाती दिले असते तर त्यांनी घेतले नसते. काय कापले, ते मी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी फिरायला पैसे उरले नव्हते, म्हणून आम्ही दोघे गिरगावातून पायीच चौपाटीवर गेलो. लुगडे घोट्याच्या वर धरून मी पाण्यात उभी राहिले. पायांखालची वाळू सरकली की मी ओरडायची आणि हे हसायचे. माझी मुंबई मला मिळाली, आणि तीही फुकट मिळाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८७ साली घारापुरीची लेणी जागतिक वारशात घेतल्याची बातमी आली. ती वाचताना हे सहज म्हणाले, "तेव्हाच जायचे होते, पण राहिले." मी विचारले, "तेव्हा म्हणजे केव्हा ?" तेव्हा कळले. ती काट मारलेली ओळ घारापुरीच्या होडीची होती. शाळेत असताना ह्यांनी तिथल्या त्रिमूर्तीचे चित्र पाहिले होते, आणि मुंबईला जायचे ते त्यासाठीच, असे मनाशी धरले होते. यादीत सगळ्यांची ठिकाणे लिहून घेतल्यावर अगदी शेवटी, बारीक अक्षरात, स्वतःचे एक लिहिले होते. आणि कापायची वेळ आली तेव्हा तेवढेच कापले. तेवीस वर्षे मी माझ्या समुद्राची गोष्ट कौतुकाने सांगत होते, आणि त्यासोबत ह्यांचे काय राहून गेले याचा मला पत्ता नव्हता.

त्याच हिवाळ्यात आम्ही गेलो. गेटवेपासून होडीने तासाभराचा प्रवास, मग पायऱ्यांची चढण. त्या अंधाऱ्या लेण्यात, दोनतीन माणसे एकावर एक उभी राहावीत एवढ्या त्या मूर्तीपुढे हे बराच वेळ उभे होते. परत येताना होडीत एवढेच म्हणाले, "बरे झाले, आलो." आम्हांला जाता आले हे नशीब. सगळ्यांना तेवढा वेळ मिळतोच असे नाही.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, "पाच हजारांचा हिशेब नंतर मांडू. आधी दोघे दोन वेगळ्या कागदांवर एकेकच ठिकाण लिहून आणा. एकमेकांना विचारायचे नाही, आणि सासूने सांगितले म्हणून लिहायचे नाही."

दुसऱ्या दिवशी कागद आले. त्याने लिहिले होते, दादरची चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेबांवर जिथे अंत्यसंस्कार झाले, ती जागा. त्याच्या आजोबांना तिथे जायचे होते, ते राहून गेले होते. तिने लिहिले होते, रात्री दिवे लागल्यावरचा मरीन ड्राइव्ह. दोन्ही ठिकाणांना तिकीट नाही. पण तिला रात्र हवी, म्हणजे मुक्काम आला. तेव्हा मुक्कामाचा खर्च ही चैन नव्हे, तिच्या हौसेची ती किंमत आहे, हे दोघांनाही समजले. एरवी तो म्हणत होता, खोलीचे पैसे वाचवू आणि संध्याकाळीच परतू.

मग आम्ही वही घेऊन बसलो. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या राखीव बैठकीला माणशी शंभर-सव्वाशे रुपये पडतात, म्हणून जाण्यायेण्याचे दोघांचे पाचशे धरले. खोलीला दोन हजार. आधी फोनवरून दोनतीन ठिकाणी विचारून, आणि स्टेशनला लागून हवी हा हट्ट सोडून. दोघांची आधार कार्डे जवळ ठेवायला सांगितली. खाण्याला बाराशे, पहिल्या दिवसाचा डबा घरचा, दशम्या नि तिळाची चटणी. लोकल आणि बसला तीनशे. झाले चार हजार. सहाशे अडीअडचणीला. राहिलेले चारशे दोघांनी दोनदोनशे वाटून घ्यायचे, आणि त्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही.

बाकीच्या सूचना सर्वांच्याच उपयोगाच्या आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. २९ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या मंडईतून मेट्रो निघते. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली की पुणे स्टेशन, टांग्याची आठवणही नको. १९३० साली सुरू झालेली आपली डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला निघते नि साडेदहाच्या सुमारास मुंबईला पोहोचवते. तिकीट साठ दिवस आधी काढता येते. शनिवार-रविवार धरून जायचे तर लवकर काढावे. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ लोकलच्या गर्दीत नवख्या माणसाने शिरू नये. बायकांच्या डब्यात बसायचे असेल तर उतरायचे स्टेशन आधी ठरवावे, आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचे तेही ठरवावे. हाती फोन असला तरी ठरवावे, कारण फोनची बॅटरी संपते, घड्याळ जागेवरच असते. घारापुरी सोमवारी बंद असते आणि राणीचा बाग बुधवारी, तेव्हा वार पाहून निघावे. पावसाळ्यात घारापुरीचा बेत करू नये, समुद्र खवळला की होड्या बंद ठेवतात.

एस.टी.ने जायचे असेल तर १७ मार्च २०२३ पासून आपणां बायकांना निम्मे तिकीट आहे, आणि माझ्यासारख्या पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना काहीच पडत नाही. ही सवलत हक्काने घ्यावी, त्यात संकोच कसला ?

आणि नातेवाइकांकडे उतरायचे असेल तर जरूर उतरावे. माया टिकते ती जाण्यायेण्यानेच. पण वहीत मुक्कामापुढे शून्य मांडू नये. जाताना साखर, चहा, तांदूळ असे काही घेऊन जावे. एका वेळचे जेवण बाहेर उरकावे. आणि राहणार किती दिवस, ते आधी कळवून तेवढेच राहावे. मुंबईत जागा लहान असते, यजमानीण काही बोलत नाही, म्हणून आपणच ओळखावे.

ती दोघे गेल्या पंधरवड्यात जाऊन आली. अडीअडचणीचे सहाशे जसेच्या तसे परत आले. चैत्यभूमीवर त्याने आजोबांसाठी मेणबत्ती लावली. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोघे रात्री दहापर्यंत बसून होती. तिच्या दोनशेंपैकी पन्नास रुपयांची तिने माझ्यासाठी पिनांची डबी आणली, तेवढी मात्र मी तिला रागावले !

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते, आणि ते खरेच आहे. पण अंथरूण दोघांचे असेल तर पाय चार असतात, हे विसरू नये. पैसे कमी पडले की कोणीतरी गुपचूप आपले पाय आखडून घेतो. बहुतेक घरांत ते आपण बायका करतो, पण कधी कधी पुरुषही करतात, आणि बोलत नाहीत. म्हणून मुंबई असो, मुलीचे लग्न असो की घरातली साधी दिवाळी, वहीच्या पहिल्या पानावर आधी प्रत्येकाची एकेक हौस लिहावी. काट मारायची वेळ आली तर ती सर्वांच्या देखत मारावी.

जाता जाता ती मुलगी म्हणाली, "आजी, घारापुरी पुढल्या वेळी करू."

मी म्हटले, "बाई ग, 'पुढल्या वेळी' असे लिहू नकोस. तारीख लिही."

 आता हळदीकुंकू घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.