ठरावापासून उंबरठ्यापर्यंत

लहान शहराच्या नगरपालिकेत पाऊल टाकताच ओसरीवर एक फळा दिसतो. त्यावर जाहीर सूचनांचे कागद डकवलेले असतात. घरपट्टीच्या आकारणीची यादी पाहण्यास ठेवली आहे, अमुक आळीला उद्या पाणी उशिरा येईल, विकास आराखड्यावर हरकती मागविल्या आहेत, असा त्यांचा मजकूर. कामापुरता आलेला नागरिक खिडकीशी रांगेत उभा राहतो, पावती घेतो आणि परततो. पुढे वाढीव घरपट्टीचे बिल हाती पडले म्हणजे तो विचारतो, ‘हे ठरले केव्हा?’ कारकून फळ्याकडे बोट दाखवितो. दोघांचेही म्हणणे खरे असते. परंतु हरकतीची मुदत मात्र निघून गेलेली असते.

पूर्वी गावोगाव दवंडी पिटली जाई. वाद्याचा आवाज कानी पडताच माणसे दारात येत आणि अक्षरओळख नसलेल्यालाही मजकूर समजे. वार्ता पोहोचविणे हे कारभाराचेच अंग होय, ही जाण त्या रीतीमागे होती. निर्णय दप्तरात नोंदला गेला म्हणून तो नागरिकाच्या पदरात पडला असे होत नाही.

याचा सर्वांत जळजळीत दाखला महाडच्या नगरपालिकेचा आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात, असा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव झाला, पण अंमलात आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्याच दिवशी परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले व मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १९३७ साली लागला. ओंजळभर पाण्याच्या हक्काला पहिल्या ठरावापासून अंतिम निकालापर्यंत तेरा वर्षे लागली.

त्या अन्यायाशी आजच्या गैरसोयींची तुलना करणे उचित नव्हे. तरीही ठराव आणि उंबरठा यांमधील अंतर अद्याप सरलेले नाही. जन्माच्या नोंदीचे उदाहरण पाहावे. १९६९ च्या अधिनियमानुसार जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. बाळ रुग्णालयात जन्मले तर ते काम रुग्णालयाचे. घरी जन्मले तर कुटुंबप्रमुखाचे. वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत तर शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र इत्यादींसाठी हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा मानला जातो. हातावर पोट असलेल्या आईबापांना ही मुदत कोणी वेळेवर सांगितली नाही, तर तिचा भुर्दंड पुढे त्या मुलाला सोसावा लागतो.

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला. कोणती सेवा किती दिवसांत द्यावयाची आणि त्यासाठी कोणता पदनिर्देशित अधिकारी जबाबदार, हे कार्यालयाने फलकावर लावणे त्याने बंधनकारक केले. अर्जाची पोच द्यावी लागते. अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी कळवावी लागतात. विलंब वा नकार झाल्यास त्याच प्राधिकरणात दोन अपिले आणि पुढे आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. पण ज्याला पोच मागावी हेच ठाऊक नाही, त्याला अपिलाचा मार्ग कसा सापडावा?

उपाय फार खर्चाचा नाही. सूचनेची भाषा घरात बोलली जाते तितकी सोपी असावी. ती ओसरीवर लागावी, तशीच बाजारात, शाळेत आणि दवाखान्यातही लागावी. जेथे वाचणारे थोडे, तेथे ध्वनिक्षेपकावरून सांगितली जावी. नगरसेवकाने आपल्या प्रभागातील सूचना आपण होऊन सांगत फिरावे. नागरिकानेही पावती घेऊन निघताना फळ्यासमोर क्षणभर थांबावे, मजकूर उमगला नाही तर विचारावे, आणि शेजारच्या वृद्धेला तो वाचून दाखवावा. सभागृहात ठरलेली गोष्ट त्या वृद्धेच्या उंबरठ्याशी पोहोचली, म्हणजे नगरपालिकेचे काम झाले असे समजावे.