बांधकामाची मासिक मोजदाद : आकडे काय सांगतात, काय झाकतात

(मराठी भाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या वर्गासाठी मला नेमून दिलेला विषय वरकरणी रुक्ष आहे. देशात दरमहा किती बांधकाम झाले हे सरकारी आकडेवारी कसे मोजते, असा तो विषय. आपल्यापैकी कित्येकजण बांधकाम कामगारांत काम करतात. सकाळी नाक्यावर किती जणांना काम मिळाले आणि किती जण डबा घेऊन तसेच परत गेले, हे त्यांना डोळ्यांनी दिसते. मग या आकड्यांची उठाठेव कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, एका नाक्यावरचे दृश्य म्हणजे देशाची स्थिती नव्हे. शिवाय वाटाघाटीला बसलो म्हणजे मालकपक्ष ‘धंदा मंद आहे’ असे आकड्यांनिशी सांगतो, आणि त्याच महिन्यात सरकार ‘बांधकाम क्षेत्राची घोडदौड’ आकड्यांनिशीच जाहीर करते. हे आकडे कोठून येतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला दोघांपैकी एकाचेही म्हणणे खोडता येत नाही.

मोजायचे काय?

कापडगिरणीतून किती वार कापड बाहेर पडले हे मोजणे सोपे असते. माल दारातून बाहेर जातो, तेथे त्याची नोंद होते. बांधकामाचे तसे नाही. येथे माल जागेवरच राहतो आणि कामगार पुढे जातो. एखादा पूल चार वर्षे बांधला जातो. मग त्यातला मार्च महिन्याचा पूल किती, हे ठरवायचे कसे?

भाषांतराचे काम करताना अमेरिकन आकडेवारीतील एका शब्दप्रयोगाशी मी बराच वेळ अडलो होतो. तेथील सेन्सस ब्युरो दरमहा जे बांधकामाचे मूल्य प्रसिद्ध करते त्याला ‘कन्स्ट्रक्शन पुट इन प्लेस’ म्हणतात. ‘झालेले बांधकाम’ असे भाषांतर केले असते तर ते चुकीचे ठरले असते, कारण इमारत पूर्ण झालेली नसते. शेवटी मी ‘जागेवर बसलेले काम’ असा शब्द केला. आवारात येऊन पडलेली सळई त्यात धरायची नाही. स्लॅबमध्ये बांधली गेली की धरायची. जमिनीची किंमत धरायची नाही. साहित्य, मजुरी, वास्तुशास्त्रज्ञ व अभियंता यांचे शुल्क आणि ठेकेदाराचा नफा धरायचा. निवडलेल्या प्रकल्पांच्या मालकांना दरमहा प्रश्नपत्रिका जाते : या महिन्यात किती काम बसले? मात्र एककुटुंबी घरांच्या बाबतीत कोणी प्रत्येक मालकाला विचारीत नाही. किती घरे सुरू झाली त्यावरून, ठरावीक प्रगतिक्रम गृहीत धरून, हिशेब मांडला जातो.

दुसरी रीत टप्प्यांची. किती घरांना परवाना मिळाला, किती घरे सुरू झाली, किती पूर्ण झाली. ‘सुरू’ म्हणजे पायाची खोदाई सुरू झाली तो क्षण. तिसरी रीत उद्योगसंस्थांना विचारण्याची. ब्रिटनमध्ये २०१० पासून दरमहा सुमारे आठ हजार बांधकाम संस्थांकडून कामाची रक्कम मागविली जाते.

या पद्धती निर्दोष आहेत असे समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०१६ मध्ये सेन्सस ब्युरोने जाहीर केले की, आकडे संकलित करताना झालेल्या एका चुकीमुळे २००५ पासूनच्या सुमारे दहा वर्षांच्या मालिकेत दुरुस्ती करावी लागत आहे. परंतु चूक सापडली आणि दुरुस्त झाली, कारण मुळात विचारलेला प्रश्न सरळ होता : जागेवर किती काम बसले?

मोजमाप कामाला वळण लावते

मोजमाप हे केवळ आरसा नसते, ते कामाला वळणही लावते. याचा सर्वात बोधप्रद दाखला सोव्हिएत संघाचा आहे, आणि तो आपण आडपडदा न ठेवता सांगितला पाहिजे. तेथे बांधकाम ट्रस्टची कामगिरी दीर्घकाळ ‘खर्ची पडलेल्या’ गुंतवणुकीच्या रकमेवर जोखली जाई. पायाची खोदाई आणि अवजड काँक्रीटची जोडणी यांत थोड्या श्रमात मोठी रक्कम खर्ची पडते. गिलावा, नळजोडणी, रंगकाम यांत श्रम फार आणि रक्कम थोडी. परिणाम असा झाला की, नवे पाये घालण्याकडे ओढा वाढला, जुन्या इमारती शेवटच्या हाताची वाट पाहत राहिल्या आणि अपूर्ण बांधकामाचा साठा फुगत गेला. म्हणूनच जुलै १९७९ च्या निर्णयाने पूर्ण करून सुपूर्द केलेल्या बांधकामावर कामगिरी मोजण्याचे ठरविण्यात आले. रोगाचे निदान बरोबर होते, तरी रोग हटला नाही. आपल्यासाठी धडा एवढाच की, जे मोजले जाते त्याकडे यंत्रणा लक्ष देते. जे मोजले जात नाही ते तिच्या दृष्टीने नसतेच.

भारतात काय मोजले जाते?

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे जागेवर बसलेले काम दरमहा मोजणारी देशव्यापी सरकारी मालिका नाही. औद्योगिक उत्पादनाचा जो निर्देशांक दरमहा निघतो, त्याच्या २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेत खाणी, कारखानदारी व वीज हे तीनच विभाग होते. त्यात बांधकाम नव्हते. त्याच मालिकेच्या उपयोगानुसार केलेल्या वर्गवारीत ‘पायाभूत सुविधा व बांधकाम-साहित्य’ असा गट होता आणि त्याचा भार १२.३४ टक्के होता. पण ते बांधकाम नव्हे, बांधकामाचे साहित्य होय.

दुसरा मासिक आकडा आठ प्रमुख उद्योगांच्या निर्देशांकाचा. वृत्तपत्रे ‘सिमेंट वाढले, पोलाद घटले’ असे छापतात ते याच्याच आधारे. २०११-१२ च्या मालिकेत पोलादाचा भार १७.९२ आणि सिमेंटचा ५.३७ टक्के होता.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात बांधकामाचे स्वतंत्र स्थान आहे, पण तेथेही वाट तीच. पक्क्या बांधकामाचे वार्षिक मूल्य काढताना सिमेंट, लोखंड-पोलाद, विटा-कौले, इमारती लाकूड, जोडसाहित्य अशा मालाचा ओघ देशात किती उपलब्ध झाला हे पाहतात आणि त्यावरून बांधकामाचे मूल्य अनुमानाने ठरवितात. तिमाही अंदाजासाठी तर मुख्यतः दोनच खुणा वापरल्या जात आल्या : सिमेंटचे उत्पादन आणि तयार पोलादाचा खप.

या रीतीला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. सिमेंट साठवून ठेवता येत नाही. दोन-तीन महिने गेले की गोणीतले सिमेंट दमट होऊन ताकद गमावते. त्यामुळे कारखान्यातून निघालेले सिमेंट लवकरच कोठेतरी कालविले गेले असणार, हे अनुमान बरेचसे खरे ठरते. पोलाद मात्र मोटारीत जाते, नळात जाते, यंत्रात जाते. म्हणून पोलादाचा आकडा एकट्याने बांधकामाची साक्ष देऊ शकत नाही.

आकडा वाचताना ऋतूही ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकन आकडा ऋतुमानाचा परिणाम काढून टाकून, बारा महिन्यांच्या दराने मांडलेला असतो. आपल्याकडे सिमेंटच्या महिन्याची तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी केली जाते. पावसाळ्यात कामे थंडावतात आणि मार्चअखेर उरकण्याची घाई असते, तेव्हा ही तुलना योग्यच आहे. पण मागचे वर्ष विपरीत असेल तर टक्केवारी फसविते.

गोणी आणि हात

खरा दोष वेगळाच आहे. देशात वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक सिमेंट तयार होते. पन्नास किलोच्या गोणीत मोजले तर आठशे कोटींहून अधिक गोण्या. यातली एक गोणी गावातल्या घराला लागते तेव्हा गवंडी असतो, त्याच्या हाताखाली बिगारी असतो, घमेले वाहणाऱ्या बाया असतात. तीच गोणी द्रुतगती मार्गावर जाते तेव्हा ती मिश्रण-केंद्रात ओतली जाते आणि यंत्र ती पसरते. गोणी एकच, हात निराळे. म्हणून सिमेंट दहा टक्क्यांनी वाढले याचा अर्थ काम दहा टक्के अधिक हातांना मिळाले असा होत नाही. मजुरी वाढली असा तर मुळीच होत नाही. निर्देशांकाला गोणी दिसते. ती रिकामी करणारा दिसत नाही.

सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे बारा टक्के बांधकामात होते. २०२५ पासून हे सर्वेक्षण मासिक आकडेही देऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या मासिक पत्रकातले मुख्य आकडे श्रमबलातील सहभाग, काम करणाऱ्यांचे प्रमाण आणि बेरोजगारीचा दर हेच आहेत. ‘या महिन्यात बांधकामावर किती माणसे किती दिवस राबली’ या प्रश्नाला त्यात उत्तर मिळत नाही. लेबर ब्युरो ग्रामीण मजुरीचे दर गोळा करते आणि त्यात गवंडी व बांधकाम मजूर येतात. ते आपण अवश्य वापरावे. मात्र तो दराचा आकडा आहे. दर किती दिवस हाती पडला हे तो सांगत नाही.

एप्रिल २०२०

याची किंमत काय, ते एप्रिल २०२० ने दाखविले. टाळेबंदीच्या त्या महिन्यात सिमेंटचे आणि पोलादाचे उत्पादन प्रत्येकी ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरले. ही घसरण दशांश चिन्हासह प्रसिद्ध झाली. ऑगस्टअखेर तिमाही अंदाज आला : बांधकाम ५०.३ टक्क्यांनी घटले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, एक कोटी चार लाखांहून अधिक स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. आणि परतताना किती कामगार मृत्यू पावले, या प्रश्नाला कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की, अशी माहिती ठेवली जात नाही.

कॉम्रेड्स, ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचा. गोणी किती कमी निघाली हे ठाऊक होते. माणूस वाटेत पडला की पोहोचला, हे ठाऊक नव्हते.

पुढल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, सिमेंटची वाढ पाचशे टक्क्यांच्या वर गेल्याचे जाहीर झाले. शंभर गोण्यांच्या पंधरा झाल्या तर घट ८५ टक्के. पंधराच्या पुन्हा शंभर झाल्या तर वाढ ५६७ टक्के. दोन्ही टक्केवाऱ्या खऱ्या, आणि माल मात्र होता तेथेच. हे गणित प्रत्येक सभासदाला फळ्यावर मांडून दाखविता आले पाहिजे.

नोंद अशक्य आहे काय?

कामगारांची नोंद ठेवणे अशक्य आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम कामगार कल्याण मंडळे आणि बांधकाम-खर्चावरील उपकर आणला. एक टक्का दराने तो वसूल होत आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि उपकराची तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. उपकर आकारायचा म्हणजे बांधकामाचा खर्च कोठेतरी लिहिलेला असतोच. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला हिशेब असा होता : जमा सुमारे ३७,४०० कोटी रुपये, खर्च सुमारे ९,५०० कोटी. पैशाची मोजदाद झाली होती. ज्यांच्यासाठी पैसा होता त्यांच्यापर्यंत तो गेला नव्हता.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पाच्या प्रवर्तकाला कामाची प्रगती दर तिमाहीला जाहीर करावी लागते. म्हणजे जागेवर किती काम बसले हे मोठ्या खासगी प्रकल्पांपुरते तरी लिहिले जात आहे. त्याच पत्रकात मजुरांचे दिवस, दिलेली मजुरी आणि अपघात हे तीन रकाने वाढविण्यात तांत्रिक अडचण कोणती?

आणि ज्या कामगाराला नोंदणी हवी असते, त्याला मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला आणावा लागतो. हा दाखला मिळविताना त्याची किती ओढाताण होते, ठेकेदार सही द्यायला कसा टाळतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. गोणीला आपण कारखान्यातून निघाल्याचा दाखला कोणी मागत नाही. तिची नोंद कारखानाच करतो. कामगाराच्या दिवसाची नोंद ठेवण्याचे ओझे मात्र कामगारावरच टाकलेले आहे. ते ठेकेदारावर आणि मूळ मालकावर गेले पाहिजे, ही मागणी आकडेवारीचीही आहे आणि हक्काचीही आहे.

आपले काम

तेव्हा, बांधकामाचा मासिक आकडा हाती आला की तो कशाचा आहे हे प्रथम पाहावे : साहित्याचा, पैशाचा की श्रमाचा. तुलना कोणत्या महिन्याशी आहे ते पाहावे. आकडा तात्पुरता की सुधारित, हेही पाहावे, कारण पहिल्या पत्रकातला आकडा पुढे बदलतो आणि भाषण मात्र पहिल्याच आकड्यावर झालेले असते. ‘बांधकाम वाढले’ या वाक्याला ‘किती दिवसांचे काम, कोणत्या मजुरीवर?’ हा प्रतिप्रश्न जोडल्याशिवाय ते मान्य करू नये.

सरकार नोंद ठेवील तोवर आपण थांबण्याचेही कारण नाही. जेथे आपले साथी नाक्यावर जातात, तेथे एक साधी वही ठेवावी. तारीख, उभे राहिलेले कामगार, काम मिळालेले कामगार, ठरलेली मजुरी, हाती पडलेली मजुरी. एका नाक्याची वही देशाची स्थिती सांगणार नाही, हे मी आरंभीच म्हटले. पण वर्षभर न चुकता लिहिलेल्या पन्नास नाक्यांच्या वह्या वाटाघाटीच्या मेजावर ठेवल्या, तर ‘माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर पुन्हा देणे कोणालाही सोपे जाणार नाही.

ही वही उद्यापासून सुरू करता येईल. पुढच्या वर्गाला येताना पहिल्या महिन्याची पाने सोबत आणा; आपण ती मिळून वाचू.