मामाची वडाप आणि १ रुपयाचं विमान तिकीट

आजचा भाग विमान कंपन्यांवर आहे, पण सुरुवात करायचीय आमच्या म्हसवडच्या एसटी स्टँडबाहेरून.

मी शाळेत असताना माझा मामा वडाप चालवायचा. म्हसवड ते दहिवडी, वाटेत गोंदवले. आमच्या भागाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे माणसं भरून पळणारी जीप. मामाकडे दोन गाड्या होत्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक दिवस त्याच लाइनवर दुसऱ्या एकाने गाड्या घातल्या आणि भाडं पाच रुपयांनी उतरवलं. मामाने ईर्ष्येला पेटून आणखी पाच उतरवले. मग काय, मामाची गाडी खच्चून भरायला लागली, टपावरसुद्धा माणसं. आम्हा पोरांना वाटलं, मामा जिंकला. आठ महिन्यांनी हप्ते थकले म्हणून फायनान्सवाले एक गाडी ओढून घेऊन गेले.

गाडी रोज फुल्ल आणि तरी धंदा बुडाला, हे कसं काय? पुढं इंजिनिअरिंगला असताना विमान कंपन्यांबद्दल वाचायला लागलो, तेव्हा मला उत्तर मिळालं.

आधी १ रुपयाच्या तिकिटाची गोष्ट. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ या लष्करातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने एअर डेक्कन सुरू केली. छोटी एटीआर विमानं, फुकट जेवण बंद, आणि काही सीटा चक्क १ रुपयात, टॅक्स वेगळा. लोकांना वाटलं हा माणूस वेडा आहे. पण यामागं गणित होतं. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. विमानाला मात्र वेळ झाली की सुटावंच लागतं, आणि ते उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. म्हणून थोड्या सीटा आधी मातीमोल भावात विकायच्या, त्या संपल्या की पुढच्या थोड्या महाग, आणि शेवटच्या दिवशी धावपळ करत येणाऱ्याला सगळ्यात महाग. तुम्ही ॲपवर तिकीट बघता आणि तासाभरात भाव वाढलेला दिसतो ना, तो बऱ्याचदा या टप्प्यांमुळे. खालच्या टप्प्यातल्या सीटा संपलेल्या असतात.

आता मुद्द्याचं. तिकीट स्वस्त कुणीही विकू शकतं. मामानेही विकलं. प्रश्न असतो तो एक सीट एक किलोमीटर न्यायला तुम्हाला खर्च किती येतो याचा.

इंडिगोचं उदाहरण घ्या. पहिलं विमान उडालं ऑगस्ट २००६ मध्ये. पण २००५ मध्येच, एकही प्रवासी नसताना, त्यांनी एअरबसला १०० विमानांची ऑर्डर दिली होती. ठोक घेतलं की भाव पडतो, हे आपल्या बाजारातसुद्धा चालतं. पुढची युक्ती भारी होती. स्वस्तात घेतलेलं विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तेच आपण भाड्याने चालवायचं. हातात रोकड राहते, आणि काही वर्षांनी विमान जुनं झालं की परत देऊन नवं आणायचं.

शिवाय सुरुवातीची बरीच वर्षं फक्त ए३२० जातीचीच विमानं. म्हणजे पायलटचं ट्रेनिंग एक, मेकॅनिक एक, स्पेअर पार्टचं कपाट एक. आणि विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा हवेत, कारण जमिनीवर उभं विमान फक्त भाडं खातं. इंधनात मात्र फार हात मारता येत नाही. आपल्याकडं विमान कंपनीचा साधारण ४० टक्के खर्च इंधनावर होतो आणि त्यावर राज्यांचा व्हॅट. महाराष्ट्राने २०२३ च्या बजेटमध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्के केला. पण तो सगळ्यांनाच सारखा. म्हणून खरी लढाई उरलेल्या खर्चावर असते.

हे ऐकताना मला मामाचा तो स्पर्धक आठवतो. त्याच्या दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या. दुरुस्ती तो स्वतः करायचा. पहाटे माणसं नसायची तेव्हा दुधाचे कॅन वाहायचा. त्याचं भाडं मामापेक्षा पाच रुपये जास्त होतं, तरी त्याला परवडत होतं. मामा आता म्हणतो, "आरं, गाडी भरली म्हंजी पैसा आला आसं नसतंय. गल्ल्यात काय उरलं ती बघायचं."

एअर डेक्कनचंही तसंच झालं. गर्दी होती, पण तोटा वाढत गेला. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या गटाने त्यात मोठा हिस्सा घेतला. आता एका घरात दोन स्वयंपाक. किंगफिशर म्हणजे थाट, डेक्कन म्हणजे काटकसर. डेक्कनचं नाव बदलून किंगफिशर रेड झालं, आणि २०१२ मध्ये सगळंच जमिनीवर आलं.

आता कुणी म्हणेल, मग काटकसर केली की झालं. तसंही नाही. मुंबईच्या वाडिया समूहाची गो एअर, पुढे तिचं नाव गो फर्स्ट झालं. तिनेही एकाच जातीची विमानं ठेवली होती. पण नव्या विमानांची इंजिनं एकाच कंपनीची, आणि तीच बंद पडायला लागली. जवळपास निम्मी विमानं उभी राहिली. २ मे २०२३ ला कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच बनावटीच्या इंजिनांमुळे इंडिगोचीही कित्येक विमानं उभी होती, पण तिच्याकडं बाकीची शेकडो होती. एका जातीची विमानं ठेवल्याने खर्च वाचतो, पण आजार आला की सगळ्या गोठ्याला येतो.

पण मंडळी, या गोष्टीत आपण प्रवासी कुठं आहोत? मामाची गाडी गेल्यावर लाइनवर एकटा तो स्पर्धकच उरला. सहा महिन्यांत त्याने भाडं वाढवलं, भांडण सुरू व्हायच्या आधी होतं त्यापेक्षाही जास्त. माझी आजी दर आठवड्याला दवाखान्यात जायची, ती भाड्याचे पैसे मोजून कनवटीला लावायची. स्वस्ताईचं बिल शेवटी तिने भरलं.

डिसेंबर २०२५ आठवा. देशातल्या दर १० प्रवाशांपैकी ६ हून जास्त जण एकट्या इंडिगोने जातात. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले, नियोजन चुकलं, आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट रद्द झाल्या. दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं इतकी भडकली की सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. जायला दुसरी गाडीच नव्हती.

मग नव्या माणसाने काय करायचं? मुंबईची अकासा ऑगस्ट २०२२ पासून मोठ्या रस्त्यावरच लढतेय. गोव्याच्या फ्लाय९१ ने दुसरी वाट धरलीय. छोटी एटीआर आणि छोटी गावं. जून २०२५ पासून ती गोव्याहून आमच्या शेजारच्या सोलापूरला येते. हे सोपं नाही. नव्या अवतारातली एअर डेक्कन डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई–जळगाव उडाली आणि २०२० मध्ये थांबली. पण मोठ्याशी त्याच्याच रस्त्यावर भावात भांडण्यापेक्षा, तो जिथं जात नाही तिथं जाणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

मामाने उरलेल्या एका गाडीचं तेच केलं. दहिवडीची लाइन सोडली आणि वाड्या-वस्त्यांवरची शाळेची पोरं न्यायला लागला. गाडी कधीच टपापर्यंत भरली नाही, पण हप्ता एकदाही चुकला नाही. त्या गाडीच्या पैशातून माझ्या बीटेकच्या पहिल्या वर्षाची निम्मी फी गेली.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "आमचा धंदा जोरात, गर्दी मावत नाही," तर कौतुक जरूर करा. आणि हळूच विचारा, एका सीटला खर्च किती येतो?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.